तीन हिरव्या खुणा

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे धाकटी म्हणतात. कामावरचेही आता तेच म्हणतात, त्याला कारण मी. एकदा ती घरून बैठकीला बसलेली असताना मी स्वयंपाकघरातून ओरडले, "धाकटे, कुकर तू बंद करणार की मी?" ते दोन देशांतल्या लोकांनी ऐकलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

मोबाइलच्या पडद्यावर काय कुठे असावं, कुठलं बटण मोठं, कुठलं लहान, घाबरलेल्या माणसाचं बोट आधी कुठे जाईल, हे ठरवायचं तिचं काम. सासूबाईंना ते कधी पटलं नाही. "म्हणजे तू बटणं रंगवतेस," त्या म्हणायच्या.

"हो आई, बटणंच रंगवते."

"आणि त्याला दिवसभर लागतो?"

"रंगवायला नाही लागत. रंग कुठला, यावर चार शहाण्यांची भांडणं ऐकायला लागतो."

तिचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. तिची जीभ तिखट आहे. ओला टॉवेल ती पलंगावर टाकते. देवाला हात जोडायची वेळ आली की "वहिनी, माझ्या वाटचे तुम्हीच जोडा" म्हणून मोकळी होते. मी जोडते. पण दवाखान्यात सासूबाई पडल्या होत्या तेव्हा घंटीचं बटण खाटेच्या मागे भिंतीवर होतं, आणि मोठ्या डॉक्टरांना हिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पेशंटनं मान मोडून घ्यायची आणि मग बोलवायचं, असं आहे का?" डॉक्टर लाल झाले. घंटी पुढे आली. अशी ती आहे.

टायरच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. खालून रबराचा वास येतो आणि वर आमचा फोन वाजतो. इथल्या पुष्कळ बायका सीमेपलीकडे घरकामाला, म्हातारी माणसं सांभाळायला जातात. बहुतेक जणी सुखरूप राहतात, येतात-जातात. काहींचा पासपोर्ट मात्र मालक आपल्या कपाटात ठेवतो आणि बाहेरून कडी घालतो. अशा बाईला लपवलेल्या मोबाइलवरून एखादा फोन करता आला तर तो आमच्याकडे येतो. दुपारी तो घ्यायला मी बसते. पण आम्ही अलीकडे आणि ती पलीकडे. दाराशी जायचं ते तिथल्याच कोणीतरी. तिथे एक आश्रयघर आहे, त्याच्या वॉर्डनबाई. आणि एक वकील आहेत, त्यांची स्वतःची संस्था आहे. आम्ही निरोप द्यायचा आणि त्यांनी जायचं, अशी ही साखळी.

निरोप जायचे कुठे, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. तिथे सकाळी गुलाबाची फुलं. मग कोणाला तरी मिळालेल्या पुरस्काराचं अभिनंदन, त्यावर ढीगभर नमस्कार. त्या ढिगात माझा निरोप: बाई कोंडलेली आहे, पत्ता असा असा. त्याला उत्तर म्हणून कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकायचं. पुढे काय झालं ते कळायचं नाही.

या सगळ्या संस्थांना बांधून ठेवणारी एक बडी संस्था आहे. तिचं ऑफिस काचेचं, आत थंडी, टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली. तिथले समन्वयक साहेब प्रत्येक वाक्य "आपण सगळे मिळून" असं सुरू करतात. संस्थांसाठी एक चांगलं अ‍ॅप करायचं म्हणून त्यांनी धाकटीला कंत्राटावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यांचं नाव मिळूनसाहेब ठेवलं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला ती खुशीत होती. टायरच्या दुकानावर येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसायची. फोन आला की माझ्याकडे बघत राहायची, मी काय विचारते, काय लिहिते, कुठे अडते. मला अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला माहितीये का, फोन ठेवला की तुम्ही दर वेळी मोठ्यानं एकच वाक्य बोलता?"

"काय बोलते?"

"आता कोण जाणार?"

तेच तिनं घेतलं. एका बाईचं एकच पान. पानाच्या डोक्यावर ओळ, 'आता कोण जाणार?' आणि पुढे एका नावापुरती जागा. संस्थेचं नाव तिथे चालायचं नाही, जित्याजागत्या माणसाचंच हवं. नाव पडेपर्यंत पान लालभडक. पलीकडे, अलीकडे, सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम लाल. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, देवा, इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचू नये?

सुचली असणार. नको असणार, हे मला बैठकीत कळलं.

मला त्या बैठकीला 'वापरकर्ती' म्हणून बोलावलं होतं. वकील आणि वॉर्डनबाई पडद्यावरून हजर होते. आमचे सचिव माझ्या शेजारी बसले होते, बिस्किटं खात. धाकटीनं पान दाखवलं.

मग वकील म्हणाले, "एकाच माणसाचं नाव? आणि उद्या काही कमी-जास्त झालं तर?"

"तर कोणाला विचारायचं ते कळेल," धाकटी म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

मिळूनसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "आपण सगळे मिळून काम करतो आणि पानावर नाव एकाचं? सहकार्याची भावना दिसत नाही हो यात."

"भावना दिसायला नकोच आहे साहेब. दाराशी जाणारा माणूस दिसायला हवाय."

"पण अहवालात आम्ही काय लिहायचं?" हे आमच्या सचिवांनी विचारलं, तोंडातलं बिस्किट सांभाळत. "बाई सुटली तर ती कोणाच्या खात्यात? दाराशी गेल्या वॉर्डनबाई, म्हणून त्यांच्या. मग आमच्याकडे फोन आला होता, त्याचं काय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाई सुटली तर कोणाच्या खात्यात! मला तो माणूस एरवी बरा वाटायचा. पावसात छत्री देतो, देवळात भेटला तर वाकून नमस्कार करतो. त्या क्षणी मात्र शेजारच्या खुर्चीवर काहीतरी नासलेलं ठेवलंय, असं वाटलं आणि मी माझी खुर्ची सरकवून घेतली.

त्यानंतर लोगोंचा विषय निघाला. प्रत्येक पानावर तिन्ही संस्थांचे लोगो हवेत, यावर मात्र एका मिनिटात एकमत झालं. पहिला कोणाचा, यावर दुपार गेली. जुनी संस्था आधी, की मोठी आधी, की ज्या देशात बाई अडकली त्या देशाची आधी? शेवटी मिळूनसाहेबांनी तोड काढली, गोलात लावा. गोलात कोणीच पहिला नसतो. सगळे खूश झाले. मग वकिलांनी विचारलं, गोलात वरच्या बाजूला कोण? गोलालाही वरची बाजू असते, हे मला त्या दिवशी कळलं.

धाकटीची ओळ गेली. तिच्या जागी लोगोंचा गोल आला. प्रत्येक लोगोखाली एक खूण. संस्थेनं 'आमचा सहभाग' हे बटण दाबलं की ती हिरवी होणार. हे सगळं धाकटीनंच काढून दिलं. वर त्या खुणेला तिनं अशी एक टुणकन उडी दिली की बघणाऱ्याला बरं वाटावं. मी घरी तिला विचारलं, "तुला पटलं नव्हतं ना? मग इतकं सुंदर कशाला केलंस?"

"मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असतं, वहिनी."

"मग घेऊ द्यायचं होतंस."

ताटातली भाजी तिनं या कडेची त्या कडेला केली आणि उठून गेली.

अ‍ॅप फोनांवर आलं, चालायला लागलं, आणि त्या पोरीचा फोन आला. पोरच म्हणते मी तिला, आवाज तसा कोवळा होता. पलीकडच्या शहरात एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळायला ती गेली होती. मालकानं पासपोर्ट काढून घेतला होता. फाटकाला कुलूप. म्हातारीच्या खोलीतच जमिनीवर झोपायचं, आणि मालक पोरीच्या अंगावर हात टाकायला लागला होता. हे ती इतक्या हळू सांगत होती की मी दुसऱ्या कानात बोट घातलं. पोलिसात जायची सोय नव्हती. कागद नसलेली बाई दिसली की तिथले पोलीस तिला मालकाच्याच दारात नेऊन सोडतात.

"मावशी, कोणी येईल ना?"

"येईल गं बाळा. आजच कळवते."

कळवलं. पान उघडलं, पत्ता घातला, सगळं नीट लिहिलं. संध्याकाळच्या आत तिन्ही खुणा टुणटुण उड्या मारत हिरव्या झाल्या. मी देवाचे आभार मानले.

पुढच्या आठवड्यात पोरीचा पुन्हा फोन. "मावशी, कोणी आलंच नाही."

पान बघितलं तर हिरवंगार. सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "हिरवं आहे ना? मग प्रक्रिया चालू आहे." मी म्हटलं, "प्रक्रिया म्हणजे कोण?" ते हसले, मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. तिनं माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि पान बघितलं. तिथेच उभ्या उभ्या तिनं मिळूनसाहेबांना फोन लावला. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. "अहो, उद्या आपला उद्घाटनाचा कार्यक्रमच आहे. सगळे भागीदार प्रत्यक्ष भेटतायत. आपण सगळे मिळून तिथेच बघू ना."

तिनं फोन ठेवला. "उद्या," ती म्हणाली. "पोरीला तिथे रात्र काढायचीय, आणि हा म्हणतो उद्या." मग वकिलांना लावला, त्यांनी उचलला नाही. वॉर्डनबाई प्रवासात होत्या, त्यांचा लागला नाही.

कार्यक्रम नाक्याजवळच्या एका मोठ्या हॉटेलात होता. सीमा तिथून दिसते. मलाही नेलं होतं, मंचावर उभं करून टाळ्या वाजवायला. हेल्पलाइनचा फोन मी पर्समध्ये घेऊन गेले, तो कुठे ठेवून जाणार? दालनात मऊ गालिचा, गोल टेबलं, टेबलावर ताजी फुलं. पलीकडून सगळे आले, ते कार्यक्रम सुरू होता होता; पोरीचं विचारायला सवडच मिळाली नाही. वकील त्यांच्या दोन्ही मदतनिसांना घेऊन. वॉर्डनबाई आश्रयघराच्या गाडीतून, ड्रायव्हरसकट. गाडीच्या तोंडाला कार्यक्रमाचा फलक बांधलेला. देणगी देणाऱ्यांची माणसं पुढच्या रांगेत.

मिळूनसाहेब मंचावर गेले. धाकटी बाजूला लॅपटॉपपाशी बसली होती. भिंतीएवढ्या पडद्यावर एक पान उघडलं. नाव झाकलेलं होतं, पण मी ओळखलं. माझेच शब्द होते ते.

"एक महिला, तीन संस्था, दोन देश," मिळूनसाहेब म्हणाले, "आणि बघा, तीनही हिरवे!" टाळ्या.

टाळ्या चालू असतानाच माझ्या पर्समध्ये फोन थरथरला.

मी बाहेर व्हरांड्यात पळाले. पोरच होती. म्हातारीला झटका आला होता, सगळे तिला घेऊन इस्पितळात धावले होते, आणि गडबडीत फाटक उघडं राहिलं होतं. "मावशी, मी बाहेर पडू का? मला रस्ता माहीत नाही. कोणी आलंय का जवळपास?"

"थांब. आतच थांब. फाटकाशी आपलं माणूस येईपर्यंत पाऊल टाकू नकोस. मी सांगते." आपलं माणूस! पलीकडची सगळी आपली माणसं आत गालिच्यावर बसून टाळ्या वाजवत होती. आम्ही सीमेपलीकडच्या सहकार्याचं उद्घाटन करायला सगळ्यांना सीमेच्या अलीकडे आणून ठेवलं होतं.

आत जाऊन धाकटीच्या कानात सांगितलं. ती उठली, पडद्याची वायर उपटली. भिंत निळी झाली. कोणीतरी "लाइट गेली का?" म्हणालं. ती माइकपाशी गेली नाही. सरळ पहिल्या टेबलाशी गेली. मी तिच्या मागे.

"आत्ता दाखवलेली बाई फोनवर आहे," ती म्हणाली. "फाटक उघडं आहे, मालक घरी नाही. कोण जातंय?"

वकिलांनी वॉर्डनबाईंकडे बघितलं. "अहो, पण तुम्ही गेला होतात ना? तुमचं हिरवं होतं."

वॉर्डनबाई म्हणाल्या, "मी तुमचं हिरवं बघितलं. म्हटलं वकीलसाहेब गेले, आता बाई आली की आपण खाट द्यायची."

"आणि आम्ही," आमचे सचिव म्हणाले, "दोघांचं बघून केलं."

हे सांगताना त्यांना काही वाटत नव्हतं, हे मला सगळ्यात घाण वाटलं. उलट एक कोडं सुटल्यासारखे तिघं एकमेकांकडे बघत होते. अच्छा, असं झालं होय!

तेवढ्यात मिळूनसाहेब खाली उतरले, हसू तसंच ठेवून, दात न उघडता बोलत. "हे आपण सगळे मिळून जेवणानंतरच्या सत्रात घेऊ. समोर पाहुणे आहेत."

"एक नाव सांगा," धाकटी म्हणाली.

"आम्ही समन्वय करतो," वकील म्हणाले. "माझा मदतनीस आधी एक अर्ज तयार..."

"अर्ज नको, समन्वय नको. गाडीत बसणारं माणूस कोण?"

"बाई, प्रत्येक गोष्टीची एक पद्धत..."

"ती पोर तिथे उघड्या फाटकाच्या आत उभी आहे, आणि तुम्ही मला पद्धत शिकवता? शी!" तिनं खरंच तोंड फिरवलं, जसं आपण उघड्या गटारापाशी फिरवतो. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी माना वळवल्या.

वॉर्डनबाईंनी रुमालानं हात पुसले. स्थूल बाई, गुडघे धरलेले, उठायला वेळ लागला. "मी जाते," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरला हाक मारा. कुठे जेवायला बसला असेल तर ताटावरनं उठवा." मग माझ्याकडे वळून, "तिला सांगा, मोबाइल बंद कर, बॅटरी जपून ठेव. नाका ओलांडला की मी तुम्हाला फोन करते, मग तिला चालू करायला लावू."

"ती बंद केल्यावर तिला कळणार कसं?" धाकटीनं विचारलं.

"खरंच की. मग दर अर्ध्या तासानं मिनिटभर चालू करायला सांगा." आणि त्या पाय ओढत निघाल्या. जाताना त्यांनी गाडीच्या तोंडावरचा तो फलक ओरबाडून काढला आणि हॉटेलच्या पायरीवर टाकला.

धाकटीकडे पलीकडे जायचा परवाना नव्हता, माझ्याकडेही नव्हता. आम्ही दोघी पार्किंगमध्ये एका सिमेंटच्या कठड्यावर बसून राहिलो. आत कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. वायर कोणीतरी जोडली असणार, कारण टाळ्या ऐकू यायला लागल्या. एक वाढपी दोन ताटं घेऊन बाहेर आला, कोणी पाठवली कोण जाणे. धाकटीनं ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, हे माझ्या घशाखाली गेलं तर मी माणूस नाही." मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. तिला कळलं असावं. "माझ्याही वाटचं घ्या," ती म्हणाली, पण या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

पोर दर अर्ध्या तासानं फोन चालू करायची. "आल्या?" "येतायत." "आल्या?" "नाका ओलांडला, बाळा." एकदा तिनं ठरल्या वेळी केलाच नाही, आणि धाकटीनं माझं मनगट इतकं दाबलं की वळ उठला. मग आला फोन. म्हणाली, शेजारीण डोकावली होती, म्हणून कपाटामागे बसले होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वॉर्डनबाईंचा फोन आला. धाप लागलेली. "बसली गाडीत. पायात चप्पल नाही. मालकाचं कोणी आलेलं नाही." मागून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि वॉर्डनबाई तिला दरडावत होत्या, "रड, पण खाली वाक, खिडकीतून दिसू नकोस."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी हात जोडले. धाकटी उठली आणि कठड्यामागे जाऊन ओकली. पोटात अन्न नव्हतं, नुसतं पाणी पडलं.

ती तोंड धुवत असतानाच तिच्या मोबाइलवर मिळूनसाहेबांचा निरोप आला. पाहुणे निघायच्या आत ते पान 'यशस्वी' करता येईल का? आणि महिलेचा एखादा फोटो मिळाला तर फार छान.

पोर पुढे आश्रयघरातून कागदपत्रं करून परत आली. अंग भरलंय, आता बरी आहे. धाकटीचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. भागीदारांच्या भावना दुखावल्या, असं कळवलं. भांडायला ती गेली नाही. तिच्या ओळीसाठी मात्र तिनं शेवटचं एकदा विचारून बघितलं. पुढच्या टप्प्यात विचार करू, म्हणाले. मग शेवटच्या दिवशी तिनं एक काम केलं. प्रत्येक बाईच्या पानावर फोटोसाठी एक चौकट होती, ती काढून टाकली. आत साठवलेले फोटोही पुसले. "हे तरी माझ्या हातात होतं," ती म्हणाली. आता ती एका फरशीच्या कंपनीसाठी मोबाइलचे पडदे काढते आणि घरी आली की कामाबद्दल बोलत नाही.

वर्षअखेरीला बड्या संस्थेचा अहवाल आमच्या दोन खोल्यांत आला. जाड, गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर लोगोंचा गोल, वरच्या बाजूला वकिलांचा. आत पानभर एक फोटो: गजांच्या खिडकीशी उभी एक बाई, तोंडावर ऊन पडलेलं, आणि खाली आमच्या पोरीची गोष्ट. तीन संस्थांनी मिळून केलेली सुटका. वॉर्डनबाईंचं नाव कुठेही नव्हतं. फोटोतली बाई आमची पोर नव्हती. आमच्याकडे आलेल्यांपैकी ती कोणीच नव्हती.

मी तो घरी नेला आणि धाकटीला दाखवला. "ही कोण गं?"

तिनं पान उजेडाकडे धरलं, नीट बघितलं.

"अशा इंटरनेटवर विकत मिळतात, वहिनी," ती म्हणाली. "खिडकीसकट." आणि अहवाल बोटांच्या चिमटीत धरून, अंगापासून लांब, बाहेर टाकायला घेऊन गेली.